दिव्यापाशी सांगितलेलं नाव

आज शाकंभरी पौर्णिमा. आईपुढं साठ भाज्या मांडल्यात, मेथीपासून चंदनबटव्यापर्यंत. म्हणून आजचं आख्यानही हिरवंच घेतलंय. पण त्याआधी एक प्रश्न, मंडळी. वस्तूला नाव कोण देतं? माणूस! आणि माणसानं चुकीचं नाव दिलं, तर वस्तूचं काय बिघडतं?

काही नाही. खांबापाशी बसलेले आजोबा म्हणाले, काही नाही. बरोबर आहे! आंब्याला उद्या फणस म्हणा, आंब्याला काही काटे फुटत नाहीत. मग मला सांगा, चुकीचं नाव देण्याचं पाप असतं की नसतं? आणि असलंच, तर ते पडतं कुणाच्या अंगावर?

बघा, आता आजोबाही गप्प झाले.

ऐका. तुमच्या अंगठीतला हिरवा खडा घ्या. आपण त्याला म्हणतो पाचू. उत्तरेकडचा सराफ म्हणतो पन्ना. पर्ण म्हणजे पान, त्यावरून पन्ना, असं जाणकार सांगतात. शास्त्रीबुवांना विचारलंत तर म्हणतील मरकत. आणि जेवण मनासारखं झालेलं असलं तर म्हणतील — गारुत्मत! गरुडाचं रत्न. पुराणात कथा आहे. बळ नावाचा असुर पडला. त्याचं पित्त घेऊन वासुकी आकाशातून निघाला. गरुडानं झडप घातली, पित्त डोंगरावर सांडलं, त्याचा झाला पाचू. पित्त, मंडळी! तुम्हाला झालं तर सुंठ चघळता, असुराला झालं तर बोटात घालता.

जरा समुद्रापलीकडं चला. तिकडं एक हिरवा दगड आहे, जेड. त्या नावाचं मूळ कुठं आहे? कुशीत! बरगडीखालची बाजू दुखली की तिकडचे लोक हा दगड तिथं लावायचे, म्हणून कुशीचा दगड. आणखी एक आहे, मॅलाकाइट, त्याला नाव मिळालं एका झाडाच्या पानावरून. म्हणजे बघा, एकाला पान दिसलं, एकाला गरुड दिसला, एकाला स्वतःची दुखणारी कूस आठवली. दगडाला कुणी विचारलंच नाही.

आणि शेवटचा, आपल्या कथेचा धनी — जबरजद. नाव अरबी-फारशी. पाचूला ते लोक म्हणतात जुमुर्रुद, आणि ह्याला जबरजद. ही दोन्ही नावं मुळात एकाच घरची असावीत असं म्हणतात. म्हणजे ह्या दोघांतला घोटाळा फार जुना आहे. तांबड्या समुद्रातल्या एका बेटावर हा खडा निघायचा. देखणा खडा! हिरवाच, पण आतून पिवळसर झाक मारतो, कोवळ्या हरभऱ्यासारखी. गंमत अशी, की ही पिवळी झाक दिसते उन्हात. दिव्यापाशी ती विझते आणि जबरजद चक्क पाचू दिसायला लागतो.

नाव देते वाणी, वस्तू नेणे काही ।
उजेडाच्या पायी, सारे कळे ॥

हे कुणा थोर संताचं नाही हो, माझंच आहे. म्हणून टाळ जरा हळू वाजवा.

आता कथा. गोदेच्या काठी, मोगलाईत, एक पेठेचं गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही. तुमच्यातले दोघं-तिघं तिथले जावई आहेत, उगाच सासुरवाडीत जेवणाची पंचाईत व्हायची. त्या गावात जिवाजीशेट पारखी राहायचे. तीन पिढ्यांचे रत्नपारखी. बारशाला जशी आत्या, तसे खड्याला जिवाजीशेट. त्यांनी नाव सांगितल्याशिवाय गावात खडा कोंदणात बसायचा नाही.

त्याची रीत होती. सकाळची वेळ. उन्हाकडे पाठ करून बसायचं. पांढऱ्या पंच्यावर खडा ठेवायचा, बघायचा, आणि मग मोठ्यानं तीनदा त्याचं नाव सांगायचं. खडा ज्याचा असेल त्यानं विडा द्यायचा, पारख्यानं तो तिथंच खायचा. विडा तोंडात गेला की नाव पक्कं. पुढं त्यावर वाद नाही. आणि ह्या घराण्यात आजोबांपासून एक नियम होता, दिव्यापाशी हिरव्या खड्याचं नाव सांगायचं नाही. का, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. जिवाजीशेटांना तर दूध पिण्याच्या वयापासून ठाऊक होतं.

एके वर्षी अशीच पौष पौर्णिमा. रंभाजी देशमुखांना नवसानं मुलगा झाला होता. त्यांनी देवीच्या पदकासाठी हिरवा खडा आणला. निघाले होते पहाटे, पण वाटेत गाडीचा कणा मोडला आणि गावात पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आरतीच्या वेळीच खडा वाहायचा असं ठरलेलं. देऊळ माणसांनी भरलेलं. जिवाजीशेट म्हणाले, उद्या सकाळी बघतो. देशमुख हसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले,

“शेट, तुम्हालाही उजेड लागतो होय?”

संपलं! लोक हसले, चार जणांनी माना वळवून शेटांकडे पाहिलं. मंडळी, माणसाला खाली ओढायला शत्रू लागत नाही. कौतुक करणारा एक माणूस भर सभेत मिळाला की काम होतं. शेटांनी समई जवळ घेतली. खडा पाहिला. हिरवागार! आत एक बारीक काळा ठिपका, त्याच्याभोवती गोल चकती, कमळाच्या पानाच्या आकाराची. शेटांनी तीनदा सांगितलं, पाचू, पाचू, पाचू. वर आपल्या पदरचं जोडलं, की याच्या पोटात कमळाचं पान आहे, हा देवीसाठीच जन्माला आलाय. देशमुखांनी विडा दिला, शेटांनी खाल्ला. बायकांनी आठ दिवसांत त्याचं गाणं केलं, पाचूच्या पोटी कमळाचं पान. दळताना, कांडताना तेच.

पुढच्या वर्षी देवीची पालखी सकाळी शेटांच्या दारात थांबली. मथुराबाई, म्हणजे शेटांची बायको, ओवाळायला पुढं झाल्या. ऊन नेमकं पदकावर पडलं. शेटांनी पाहिलं, आणि हातातली फुलं हातातच राहिली. कोवळा हरभरा! ते पाया पडायच्या निमित्तानं वाकले आणि खड्यातून आरपार पाहिलं. मागच्या बाजूची कड एक असायला हवी, ती दोन दिसत होती. पाचूत असं दिसत नाही, जबरजदात दिसतं. शेटांनी फुलं वाहिली, हात जोडले, पालखी पुढं गेली.

त्या दिवशी सांगता आलं असतं. त्यांनी विचार केला. देवीला काय, ती भाजीपाल्यानंही सजते! देशमुख समाधानात आहे. गाव समाधानात आहे. आणि खडा? खड्याचं काय बिघडलं? काही नाही! मगाशी आजोबा म्हणाले तेच. शेट काही वाईट माणूस नव्हते हो. तुमच्या-माझ्यासारखेच होते, आणि तीच तर अडचण आहे.

वर्षं गेली. देशमुख वारले. देवीची पूजा साळूबाई गुरवीण करायची. नवरा लवकर गेला होता, पूजेची पाळी आणि देवळामागचं दोन खणांचं घर, एवढ्यावर तिनं दोन मुली वाढवल्या. थोरलीचं लग्न झालेलं, धाकटीचं व्हायचं होतं. दर उत्सवाआधी देवीचे दागिने रिठ्याच्या पाण्यानं धुवायचे, ते काम तिचं. दुसरं कुणी त्या दागिन्यांना हात लावत नसे.

विसाव्या वर्षी उत्सवाला नऊ दिवस असताना पदकाचं कोंदण सैल झालं. त्याच दिवशी पेठेत कासीमभाई आले होते, हैदराबादेकडचे खड्यांचे व्यापारी, कोंदणकामात हात बसलेला. पाटलांनी पदक त्यांच्यापुढं ठेवलं. देवळाच्या अंगणात, भर दुपारी. कासीमभाईंनी खडा वर केला, बघितला आणि मनापासून वाहवा केली, की असा देखणा जबरजद फार दिवसांत पाहिला नाही. पाटील म्हणाले, पाचू आहे तो. कासीमभाई बिचारे नम्र माणूस. त्यांनी पंचांना एकेक करून जवळ बोलावलं आणि मागची कड दोन कशी दिसते ते दाखवलं. कोंदण आवळून दिलं, सलाम केला, दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेनं निघून गेले.

आता पंचांचा विचार कसा चालला बघा. जिवाजीशेटांनी सांगितलं होतं पाचू. म्हणजे तो पाचूच होता. आता आहे जबरजद. म्हणजे खडा बदलला! हात कुणाचा लागतो? साळूबाईचा! जिवाजीशेट चुकले असतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, त्यांना बोलावून विचारायचंही नाही. ह्याला म्हणतात लौकिक!

साळूबाई म्हणाली, मी बेलभंडार उचलून शपथ घेते. पाटील म्हणाले, देवीचा खडा उचलणारा हात बेलभंडारही उचलेल. पंचांनी तिला पौर्णिमेपर्यंत आठ दिवस दिले. तेवढ्यात पाचू आणून द्यायचा. नाहीतर पूजेची पाळी सोडायची आणि देवळामागचं घरही.

शेटांना हे संध्याकाळी दुकानात कळलं. सांगणारा वर म्हणाला, शेट, तुमचा पाचू चोरला हो तिनं! शेट उठले आणि दुकान बंद करायला लागले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला.

पहिल्या दिवशी शेटांना वाटलं, आपोआप निवळेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, पंच तापलेत, जरा थंड होऊ देत. तिसऱ्या दिवशी ते देवळावरून गेले. हार देणारा माळी रोज साळूबाईच्या हातात हार द्यायचा, त्यानं तो पायरीवर ठेवला आणि वळला. विहिरीवरच्या बायका ती आली की घागरी उचलून निघायच्या. साळूबाईनं हार उचलला, पाणी शेंदलं, गाभारा धुतला. रोजचं काम रोजच्यासारखं चाललं होतं. शेटांना तिच्याकडे बघवेना, म्हणून ते चौथ्या दिवशी दुसऱ्या रस्त्यानं गेले. हाही एक उपाय असतो, मंडळी! आपण सगळ्यांनी करून पाहिलेला.

पाचव्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. घरात आजोबांच्या वेळचा एक खरा पाचू होता. तो गुपचूप गाभाऱ्यात ठेवावा, लोकांना सापडेल, प्रकरण मिटेल. वा! सुटलो! आणि मग त्यांच्याच लक्षात आलं, की पाचू सापडला तर लोक म्हणतील, बघा, घाबरून परत ठेवला. ती चोर आहे हे त्यानंच पक्कं होईल. शेटांनी डबी परत पेटीत ठेवली.

सहाव्या दिवशी ताटावरून उठले तेव्हा मथुराबाईंनी विचारलं, काय झालंय. चाळीस वर्षांचा संसार! नवऱ्यानं भाकरीचे किती तुकडे केले आणि किती खाल्ले, हे त्या बाईला न बघता कळत होतं. शेटांनी सगळं सांगितलं. समई, देशमुख, पालखी, ती दुहेरी कड. मथुराबाई ऐकून घेत होत्या. शेवटी शेट म्हणाले, की आता बोललो तर गाव आजवरचा प्रत्येक खडा परत घेऊन दारात येईल.

“येऊ द्या की,” मथुराबाई म्हणाल्या. “सकाळी तुम्हाला दुसरं काय काम असतं?”

ताट उचलून बाजूला ठेवत त्या पुढं म्हणाल्या,

“खड्याला तुम्ही नाव दिलंत, ते वीस वर्षं टिकलं. साळूला पंचांनी दिलंय, ते तिच्या मुलींच्याही मागं लागेल. धाकटीला कोण करून घेणार आहे? आणि पंचांचं काही चुकलं नाही. ते तुमच्या शब्दावर विसंबले.”

इतकं ऐकून माणूस त्याच पावली उठून जाईल ना? नाही उठला. दोन दिवस आणखी गेले.

पौर्णिमा आली. दुपारी अंगणात गाव जमलं. साळूबाईनं गाभाऱ्याच्या किल्ल्या आणून पाटलांपुढं ठेवल्या. पाचू तिच्याकडं नव्हताच, आणणार कुठून? धाकटी मुलगी मागं बोचकं घेऊन उभी होती. पाटील किल्ल्यांना हात घालणार तेवढ्यात जिवाजीशेट उभे राहिले. ते म्हणाले, की खडा बदललेला नाही. जो आणला होता तोच आहे. तो पहिल्यापासून जबरजदच होता, मी दिव्यापाशी नाव सांगितलं, मी चुकलो.

आणि मग काय झालं असेल? लोकांनी शेटांना धरलं? शिव्या दिल्या? अहो, पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं! ते म्हणाले,

“शेट, तुमचं मन फार मोठं. एका बाईला वाचवायला स्वतःवर घेताय.”

दोघं-तिघं पुढं येऊन शेटांच्या पाया पडले. माणूस आपलं पाप सांगतोय, आणि लोक त्याच्या पाया पडतायत! वीस वर्षं ज्या लौकिकाला जपलं, तो आता खरं बोलू देईना. शेटांनी तीनदा सांगितलं, मी चुकलो. तिन्ही वेळा लोकांनी मान डोलावली, की केवढा हा त्याग! साळूबाई त्यांच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर ना राग ना आशा. तिलाही ते खोटंच वाटत असावं.

मग शेटांनी बोलणं सोडलं आणि काम हातात घेतलं. पाटलांची आई, द्वारकाबाई, सत्तरीची म्हातारी, पुढंच बसली होती. शेटांनी तिला विचारलं, तुमच्या गाण्यात पाचूच्या पोटी काय आहे? ती म्हणाली, कमळाचं पान. शेटांनी पदक मागून घेतलं, आपलं भिंग म्हातारीच्या हातात दिलं, खडा उन्हात धरला आणि म्हणाले, बघा. म्हातारीनं एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. म्हणाली, आहे. मधे ठिपका, भोवती पान. शेट म्हणाले, दोन खड्यांच्या पोटात एकच पान नसतं. मग ते तिला हाताला धरून गाभाऱ्यात घेऊन गेले आणि तोच खडा समईपाशी धरला. गर्द हिरवा! बाहेर आणला, पिवळी झाक. पुन्हा आत नेला, पुन्हा बाहेर आणला. म्हातारी दोनदा आत-बाहेर करून दमली, पायरीवर बसली आणि लेकाला म्हणाली,

“खडा तोच आहे रे. शेट चुकले होते.”

आता कुणी मान डोलावली नाही. कुणी पाया पडायला आलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले आणि हळूहळू प्रत्येकाचा हात आपापल्या अंगठीकडे गेला! शेटांनी अंगणात पंचा पसरला. उन्हाकडे पाठ करून बसले. खडा समोर ठेवला आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं तीनदा सांगितलं, जबरजद, जबरजद, जबरजद. विडा द्यायला कुणी पुढं आलं नाही. शेटही थांबले नाहीत, उठून पंचा झटकला.

पाटलांनी किल्ल्या साळूबाईपुढं केल्या. मान खाली घालून काहीतरी पुटपुटले. साळूबाईनं किल्ल्या घेतल्या, पण ती गाभाऱ्याकडे वळली नाही. शेटांपाशी आली आणि तिनं विचारलं, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं? शेट म्हणाले, एकोणीस वर्षं.

“त्या एकोणीस वर्षांचं माझं काही म्हणणं नाही, शेट. खडा देवीचा, ती बघून घेईल. मला चोर म्हणाले त्याला आज आठ दिवस झाले. ते आठ दिवस तुम्हाला कशाला लागले?”

शेटांकडे कारणं पुष्कळ होती, ती तुम्ही आत्ताच ऐकलीत. त्यातलं एकही तिच्यासमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. साळूबाई पदक घेऊन आत गेली, कारण नैवेद्याची वेळ टळत चालली होती.

पुढं काय झालं म्हणाल, तर लोकांनी खडे परत आणले. शेटांनी रोज सकाळी उन्हाकडे पाठ करून ते सगळे पुन्हा पाहिले. दोन-तीनच चुकलेले निघाले, त्यांची नावं बदलली. बायकांनी मात्र गाणं बदललं नाही, जबरजद त्या चालीत बसेना. साळूबाईच्या धाकटीचं लग्न झालं. शेट लग्नाला गेले, जेवले, आणि साळूबाईनं त्यांना पंगतीत आग्रहसुद्धा केला. पण त्या प्रश्नाचं उत्तर तिनं पुन्हा मागितलं नाही आणि शेटांनी मरेपर्यंत दिलं नाही.

तर मंडळी, मी विचारलं होतं, चुकीच्या नावाचं पाप पडतं कुणाच्या अंगावर? खड्याच्या नाही. देणाऱ्याच्याही लवकर पडत नाही, त्याचा लौकिक छत्री धरून उभा असतो. ते पडतं शेजारी उभ्या असलेल्या माणसावर, ज्याच्या हातात नाव देणंही नव्हतं आणि बदलणंही नव्हतं.

आता कथा संपली म्हणून चपला शोधू नका. जरा बसा. आपण काही रत्नपारखी नाही, पण नावं आपणही देतो. घरात आल्या-आल्या सुनेला म्हणालात आळशी. वाटणीच्या बोलण्यात भावाला म्हणालात लबाड. एकदाच पाहिलंत, तेही दिव्यापाशी, चार जण ऐकत होते म्हणून. मग कधीतरी ऊन पडलं. ती पहाटे तुमच्या आधी उठलेली दिसली. तो तुमच्या आजारपणात उशाशी बसलेला दिसला. दिसलं ना? दिसलं! आणि तुम्ही फुलं वाहिलीत, हात जोडलेत, आणि पालखी पुढं जाऊ दिलीत.

चुकलात याबद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही. सगळेच चुकतात, मीही. साळूबाईनंही चुकीबद्दल विचारलं नव्हतं. तिनं दिवस विचारले होते. तुमच्या घरातही कुणीतरी ते दिवस मोजत असेल, न बोलता, पाणी शेंदत, गाभारा धुवत. आज तुमचा कितवा?

आकडा मनात धरा. धरला की आईचा उदो करू. घाई नाही, मी थांबतो.